डॉ. लागूंची जन्मशताब्दी आपल्या जुन्या वाड्यांत साजरी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात वाईच्या शूटिंगच्या बातम्या नेहमी येतात, कुठला हिरो आला, मेणवलीच्या घाटावर किती गर्दी झाली, कुठला रस्ता बंद ठेवला वगैरे. त्यात वाईट काही नाही, चार पोरांना काम मिळतं, हॉटेलं चालतात. पण मला आज जरा वेगळं सांगायचंय आणि ते दोन ओळीत बसणारं नाही, तर जागा असेल तर पूर्ण छापावं ही विनंती. १६ नोव्हेंबर २०२७ ला डॉ. श्रीराम लागूंच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतायत. आणि लागू जन्मले कुठं, तर आपल्या साताऱ्यात. हे मी आजूबाजूच्या कॉलेजच्या पोरांना विचारलं तर बऱ्याच जणांना माहीतच नाही, पुण्याचे असतील म्हणाले, आणि त्यांचा दोष तरी काय, शहरात फिरताना कुठं त्यांचं नाव नजरेला पडतंय का सांगा.

माझं म्हणणं एवढंच की ही शंभरी मुंबई-पुण्यातल्या एसी हॉलमध्ये हार-तुरे घालून उरकू नये, ती आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत व्हावी, आणि एकट्या लागूंची नको, त्यांच्या जोडीनं सातारा-सांगलीच्या मातीतून जे जे पडद्यावर गेले त्या सगळ्यांची व्हावी.

लागूंबद्दल नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. माणूस डॉक्टर, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून शिकलेला, कान-नाक-घशाचा सर्जन, पार आफ्रिकेत जाऊन प्रॅक्टिस केली आणि चाळिशी ओलांडल्यावर १९६९ मध्ये सगळं सोडून पूर्णवेळ नट झाला. त्या काळात डॉक्टरकी सोडणं म्हणजे घरादारानं डोक्याला हात लावायची गोष्ट. डिसेंबर १९७० मध्ये नटसम्राट आलं, त्याच्याबद्दल मी काय लिहिणार, सगळ्यांनी लिहून झालंय. मला सिनेमाबद्दलच बोलायचंय. १९७२ चा पिंजरा, शांतारामबापूंचा, त्यातला तो मास्तर. १९७८ ला घरोंदासाठी फिल्मफेअर मिळालं. ॲटनबरोच्या गांधी सिनेमात ते गोपाळ कृष्ण गोखले झाले.

पण आपल्या भागासाठी सगळ्यात मोठा सिनेमा माझ्या मते सामना, १९७५ चा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन, बर्लिनच्या फेस्टिव्हलला गेलेला. एका बाजूला निळू फुल्यांचा, म्हणजे आपल्या निळूभाऊंचा, हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखाना, बंगला, जीप, माणसं हाताखाली, आणि दुसऱ्या बाजूला कुठून तरी येऊन पडलेला दारूत बुडालेला म्हातारा मास्तर, जो एकच प्रश्न धरून बसतो की त्या मारुती कांबळेचं झालं काय. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसानं तो सिनेमा बघितला की त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही, कारण कारखान्याचा भोंगा आणि चेअरमनची गाडी त्यानं रोज बघितलेली असते. कराडच्या, इस्लामपूरच्या, कोरेगावच्या लोकांना हा सिनेमा आपलाच वाटतो. लागूंचं मोठेपण बघा, त्या मास्तरला त्यांनी कुठंच हिरो केलं नाही, थरथरता हात, अर्धवट वाक्य, मध्येच डोळ्यात येणारी ती धार, बास. समोर निळूभाऊंसारखा नट, आवाज न चढवता दरारा बसवणारा. दोघांचे सीन बघताना आजही मी पुढं सरकून बसतो. चारच वर्षांनी सिंहासनमध्ये हेच दोघं परत आले, लागू अर्थमंत्री दाभाडे आणि निळूभाऊ पत्रकार दिगू. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघाच.

आणि लागूंचं साताऱ्याशी नातं नुसतं जन्मापुरतं नव्हतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात लागू जाहीरपणे उभे राहिले, सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. देवाला रिटायर करा असं म्हणायची हिंमत किती नटांनी केली असती? लोक चिडले, टीका झाली, माणूस हटला नाही. पटो न पटो, आपल्या मतापायी प्रेक्षक नाराज होतील याची पर्वा न करणारा नट फार दुर्मिळ.

आता वाड्याचं का म्हणतोय ते सांगतो. मध्यंतरी वाईजवळच्या एका गावात पोरापोरींनी मिळून एका जुन्या वाड्यात जुन्या सिनेमाची संध्याकाळ केली. वाडा खाजगी आहे म्हणून गावाचं आणि घराचं नाव लिहीत नाही. दिंडी दरवाजातून आत गेलं की पहिल्या चौकात सतरंज्या टाकलेल्या, सोप्याच्या खांबाखांबांमधून दोऱ्या बांधून जुनी पोस्टरं लावलेली, हंसाबाई वाडकर, जयश्री गडकर, सुलोचनादीदी, चंद्रकांत-सूर्यकांत, राजा परांजपे. खांबाला एक खिळा ठोकलेला नव्हता, सगळं दोरीवर, हे मला फार आवडलं. माडीच्या भिंतीवर पांढरा पडदा आणि प्रोजेक्टर. मला वाटलं होतं पन्नास-पाऊणशे लोक येतील, चौक भरून लोक ओसरीवर आणि मग जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. नऊवारीतल्या आज्या आल्या, शेतातून थेट आलेली माणसं आली, आणि सिनेमा सुरू झाल्यावर एकदम गप्प.

त्यात एक आजी होत्या, त्यांनी उठून सांगितलं की त्या तरुण असताना शूटिंगवाले गावात आले होते आणि बायकांच्या गर्दीत त्यांना उभं केलं होतं, पाणी भरायला जायच्या सीनमध्ये. दिवसभर घागर घेऊन घाट चढ-उतर केला, परत करा परत करा, आणि संध्याकाळी पैसे मिळाले त्याची काचेची बांगडी घेतली. सिनेमा मात्र त्यांनी कधी बघितलाच नाही कारण घरातून थेटरात पाठवणार कोण. हे ऐकून सगळा चौक शांत. मग दुसरे एक काका उठले, त्यांनी बैलगाडी दिली होती, तिसऱ्याच्या वडिलांनी तालमीतली पोरं पुरवली होती. तास-दीड तास नुसत्या आठवणी निघत राहिल्या. एसी हॉलमध्ये खुर्चीला नंबर, स्टेजवर पाहुणे, हातात माईक, अशा ठिकाणी ती आजी बोलली असती का? नसती बोलली. स्वतःच्या गावच्या ओसरीवर बसली होती म्हणून बोलली.

वाड्याचा दुसरा मुद्दा असा की आपले वाडे आणि घाट सिनेमात दिसतात पण आपल्या नावानं जवळजवळ कधीच दिसत नाहीत. मेणवलीचा, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांचा वाडा घ्या. अठराव्या शतकातला, मेणवली नानांना मिळाली ती औंधच्या पंतप्रतिनिधींकडून, मागं कृष्णेवरचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा, एकामागं एक चौक. आणि सिनेमात? स्वदेसमध्ये तो चरणपूर झाला, मृत्युदंड आणि गंगाजलमध्ये आपला वाई परिसर बिहार म्हणून खपला. लोकेशन म्हणून घेतलं त्याला हरकत नाही, सिनेमा असाच बनतो. पण येणारा टुरिस्ट घाटावर विचारतो शाहरुख कुठं उभा होता, तिथं सेल्फी काढतो, रील टाकतो आणि निघून जातो. नाना कोण, हे त्याला कुणी सांगत नाही, आणि इथल्या मातीतले नट-लेखक-गायक कोण हे तर लांबच. एकदा तरी या वाड्यांनी पडद्यावर आणि पडद्याबाहेर आपल्या खऱ्या नावानं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

आता सांगलीकडं येतो, नाहीतर सांगलीकर म्हणतील सातारवाल्यानं आमचं नावच घेतलं नाही. अहो सांगलीचं तर काय सांगावं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते तिथंच, तिथल्या संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयानं. बालगंधर्वांचं गाव नागठाणे, पलूस तालुक्यातलं. स्टेजवर आयुष्य गेलेला हा माणूस १९३५ मध्ये प्रभातच्या धर्मात्मामध्ये संत एकनाथ झाला. मास्टर दीनानाथांचं सांगलीत घर होतं, त्यांची बलवंत नाटक कंपनी सिनेमात उतरली आणि १९३४ चा कृष्णार्जुन युद्ध त्यातूनच आला. आशाताईंचा जन्म १९३३ चा, सांगलीचाच. मिरजेनं राजाभाऊ परांजपे दिले, लाखाची गोष्ट, पेडगावचे शहाणे, जगाच्या पाठीवर, हे सिनेमे आजच्या पोरांना दाखवा, हसतील आणि रडतील पण. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या कादंबऱ्यांवर वैजयंता, फकिरा, वारणेचा वाघ असे सिनेमे निघाले. आणि शेटफळ्याचे गदिमा. १९५९ च्या सांगत्ये ऐकामधली बुगडीची लावणी म्हणजे बघा कसा योग, गाणं गदिमांचं, गळा आशाताईंचा, म्हणजे दोघंही सांगलीकडचे, आणि बुगडी सांडली कुठं तर साताऱ्याला जाताना! पडद्यावर जयश्री गडकर. तो सिनेमा पुण्यात विजयानंद थेटरला १३१ आठवडे चालला. त्या लावणीला आजही लग्नाच्या वरातीत बँडवाले हात घालतात आणि म्हाताऱ्या बायकांचे पाय हलतात.

माझ्या मते या सगळ्यात सोन्यासारखी जागा औंध आणि आटपाडी. औंध खटाव तालुक्यात, म्हणजे आज सातारा जिल्हा, आटपाडी आज सांगलीत, पण पूर्वी दोन्ही एकाच औंध संस्थानात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे भवानराव, सूर्यनमस्कारवाले राजे, चित्रकार, कीर्तनकार, १९३८ ला डोंगरावर म्युझियम उभं करणारे, ज्यात राजा रविवर्मांची चित्रं आहेत. या राजानं १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची. खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतीशिवाय, कुलपाशिवाय ठेवायचं, जमीन द्यायची, बायकापोरं सोबत राहू द्यायची आणि शेती करायला लावायची. आज ऐकताना पण छातीत धडकी भरते, तेव्हा लोक काय म्हणाले असतील. गदिमा याच भागातले, औंधच्या शाळेत शिकलेले, त्यांना हे माहीत होतं, आणि त्यातून उभा राहिला शांतारामबापूंचा दो आँखें बारह हाथ, १९५७ चा. बापू स्वतः जेलर झाले, बैलाशी झुंज घेताना डोळ्याला जबर दुखापत करून घेतली. संध्या खेळणी विकणारी बाई. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनला सिल्व्हर बेअर मिळालं, आणि वसंत देसायांनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. जगभर गेलेल्या त्या सिनेमाचं मूळ माणदेशच्या दुष्काळी माळावर आहे आणि स्वतंत्रपूर वसाहत आजही आहे. हा सिनेमा औंधला पंतांच्या आवारात, उघड्यावर, सगळ्या गावाला दाखवला तर त्याच्यासारखी दुसरी श्रद्धांजली नाही. जेल खात्यानं परवानगी दिली तर स्वतंत्रपुरात पण दाखवावा, तिथं राहणाऱ्या माणसांना तो बघायचा सगळ्यात जास्त हक्क आहे.

तर माझी सूचना स्पष्ट अशी. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, सांगलीत दरवर्षी होतोच. २०२७ ला ५ नोव्हेंबरला सांगलीतून सुरुवात करा आणि १६ नोव्हेंबरला साताऱ्यात लागूंच्या वाढदिवशी संपवा. मधल्या दिवसांत मिरज, नागठाणे, वाटेगाव, शेटफळे-आटपाडी, औंध, वाई अशा गावांत एकेक संध्याकाळ. जिथं वाडा आहे तिथं वाड्यात, नसेल तिथं देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणात. ज्या गावचा माणूस त्याचा सिनेमा त्या गावात. दिवाळी तोपर्यंत होऊन गेलेली असेल, हवा बरी असते, पण कारखान्यांचे हंगाम सुरू होतात हे लक्षात ठेवून कार्यक्रम रात्री जेवणवेळेनंतरच ठेवा, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांच्या लोकांना पण निरोप द्या, त्यांच्यासाठी कोण सिनेमा लावतंय.

काही गोष्टी आत्तापासून बघाव्या लागतील म्हणून एवढ्या लवकर लिहितोय. सिनेमा चारचौघात लावायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, यूट्यूबवरून उतरवून लावला की झालं असं नाही. जुन्या सिनेमांचे हक्क कुठं कुणाकडं गेलेत हे शोधण्यातच महिने जातात. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे, त्यांच्याकडं चांगल्या कॉप्या विचाराव्यात, कारण धुरकट प्रिंट आणि फाटका आवाज दाखवून नव्या पोरांना जुना सिनेमा आवडेल ही अपेक्षाच चूक. पुण्यातच २००३ च्या जानेवारीत आग लागून प्रभातच्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळाल्या हे विसरून चालणार नाही, ते गेलेलं काही परत येत नाही. म्हणून जे उरलंय ते नीट बघायला पाहिजे.

तशीच वाड्याची काळजी. सागवानी तुळया, लाकडी जिने, जुनी वायरिंग. माडीवर शंभर माणसं चढवायची नाहीत म्हणजे नाहीत, बसायचं ते खाली चौकात. लाईटचा लोड बाहेरच्या जनरेटरवर घ्यायचा. खिळे, टेप, रंग, काही नाही. शूटिंगवाल्यांच्या एका टीमनं एका वाड्याच्या भिंतीला जुनाट दिसावं म्हणून रंग फासला आणि तसाच ठेवून गेले हे मी डोळ्यानं बघितलंय, मालक नंतर चुना लावून लावून दमला. वाडा खाजगी असेल तर मालकांच्या घरी जाऊन रीतसर विचारावं, भाडं द्यावं, त्यातून कौलं तरी शाकारून होतील. दर पावसाळ्यात कुठलातरी सोपा खचतोय, वारस मुंबईला आणि परदेशात, वाटण्या झालेल्या, कुणी एकटा किती खर्च करणार. वर्षातून एखादी संध्याकाळ जरी लोक तिथं आले तर त्या घराला दुरुस्तीचं निमित्त मिळतं, आणि गावाला पण वाटतं की हे पाडून प्लॉट पाडण्यापेक्षा ठेवलेलं बरं.

जुनं काय बघायचं, कोण येणार असं विचारणारे भेटतात. मी त्यांना त्या चौकात बसलेल्या कॉलेजच्या पोरी आठवून उत्तर देतो, राजाभाऊंच्या सिनेमात त्या इतक्या हसल्या की शेजारची आजी त्यांच्याकडं बघून हसत होती. पोरांना आवडत नाही असं नसतं, त्यांना कुणी दाखवत नाही. दुसरे म्हणतात पैसा कुठून आणायचा. जिल्ह्यात कारखाने आहेत, बँका आहेत, नगरपालिका आहेत, आणि दरवर्षी गावोगावी ऑर्केस्ट्रावर खर्च होतोच की. एका चांगल्या प्रोजेक्टरचं आणि आवाजाच्या सेटचं भाडं त्यापुढं काही फार नाही. पुढाऱ्यांनी पैसे द्यावेत पण स्टेज मागू नये, सत्कार-भाषणं यात रात्रीचे दहा वाजतात आणि सिनेमा लागतो तेव्हा लोक उठून गेलेले असतात. लागूंना हा प्रकार अजिबात आवडला नसता असं मला वाटतं.

साताऱ्यात लागूंच्या नावाची एक साधी पाटी तरी लागावी, जन्मतारखेसह, हे नगरपालिकेला माझं वेगळं मागणं. आणि मेणवलीच्या वाटेवर फडणवीस घराण्याची परवानगी घेऊन एक बोर्ड असावा ज्यावर वाड्याचा इतिहास आणि इथं झालेले सिनेमे दोन्ही मराठीत लिहिलेले असतील.

आपल्याकडं मात्र एक काम मागतो संपादक साहेब. आपल्या वाचकांकडं जुने फोटो असतील, शूटिंगच्या वेळचे, नाटक कंपनीचे, तंबूच्या टॉकीजची हँडबिलं, कुणाच्या आजोबांनी बैलजोडी दिली, कुणाच्या आईनं गर्दीत काम केलं अशा आठवणी असतील. ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, वेळ फार नाही. आपण पेपरात आवाहन करून फोटोंच्या नकला आणि आठवणी मागवल्या, मूळ फोटो ज्याचे त्याला परत दिले, तर २०२७ पर्यंत एक चांगला संग्रह तयार होईल आणि तो प्रत्येक वाड्यात लावता येईल. माझ्याकडं सांगत्ये ऐका आणि पिंजराची काही जुनी हँडबिलं आहेत, ती मी आपल्या सातारा ऑफिसला आणून द्यायला तयार आहे, कधी यायचं ते कळवा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोरेगाव, जि. सातारा